लग्नाची दुसरी तयारी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बोलावयास या, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा विषय कोणता म्हणून मी विचारले. त्या म्हणाल्या, "टिकाऊ आणि श्रद्धेवर उभ्या असलेल्या विवाहाची पूर्वतयारी." ऐकून मी जरा दबकले. टिकाऊ हा शब्द आपण साडीच्या, डब्याच्या आणि लोणच्याच्या बाबतीत निर्धास्तपणे वापरतो. माणसांच्या बाबतीत वापरताना जीभ अडखळते. तरी मी हो म्हटले, कारण गेली एकोणीस वर्षे मी लग्ने लावते आहे. पुण्यात संस्कृत शिकून ज्या बायका पौरोहित्य करू लागल्या, त्यांपैकी मी एक. सुरुवातीला कार्यालयातले आचारी "गुरुजी कधी येणार?" असे मलाच विचारीत. आता "गुरुजीबाई आल्या" म्हणून चहा पुढे करतात. लग्न लावणाऱ्या माणसाची एक मोठी सोय असते. तो दोन्ही घरांपैकी कोणाचाच नसतो, आणि दोन्ही घरांतले बोलणे त्याच्या कानांवर पडत असते.

त्या कानांवर पडलेल्यातलेच आज सांगणार आहे.

लग्नाच्या तयारीत आपण कमी पडतो, असे कोणी म्हणू शकणार नाही. कार्यालय वर्ष वर्ष आधी ठरते. शालू कोणता, पैठणी कोणती, मुंडावळ्या मोत्यांच्या की फुलांच्या, जेवणात जिलबी की मोदक, मेंदी कोण काढणार, रुखवतात काय मांडायचे, ह्या प्रत्येकावर घरात दोन तरी बैठका होतात. अलीकडे लग्नाआधीच किल्ल्यावर आणि समुद्रकाठी जाऊन फोटो काढून घेण्याची रीत पडली आहे, तिची तयारी आणखी निराळी. माझ्याकडे येणारे लोक मला मुख्यतः दोनच गोष्टी विचारतात. मुहूर्त कितीचा, आणि विधी किती वेळात आटपतील? पोथीत काय आहे, आमच्या तोंडून तुम्ही काय वदवून घेणार आहात, हे आधी विचारणारी जोडपी मला एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. एका लग्नात तर वराने वचन दिले आणि फोटोवाला मला म्हणाला, "बाई, ते पुन्हा एकदा म्हणायला सांगा, उजेड नीट नव्हता." मुलाने बिचाऱ्याने पुन्हा म्हटले. पहिले वचन देवासाठी आणि दुसरे अल्बमसाठी, असे मी मनात म्हटले आणि पुढचा विधी सुरू केला.

हसू नका. ज्या वचनावर पुढची चाळीस-पन्नास वर्षे उभी राहायची, ते वचन मुलगा आणि मुलगी पहिल्यांदा ऐकतात ती लग्नाच्या दिवशी, सनईच्या आवाजात, धुराने डोळे चुरचुरत असताना, आणि तेही न समजणाऱ्या भाषेत. बाजारातून साधा मिक्सर आणला तरी सोबतचा कागद आपण एकदा वाचतो.

आता ते वचन काय आहे ते पाहू. कन्यादानाच्या वेळी मुलीचा बाप वराला सांगतो की धर्म, अर्थ आणि काम ह्या तिन्हींत हिला डावलून जाऊ नकोस. वर उत्तर देतो, "नातिचरामि". मी अतिचार करणार नाही, हिला ओलांडून जाणार नाही. उच्चार पुष्कळांना जमत नाही, त्याचे मी फारसे मनावर घेत नाही. पण अर्थ मात्र लग्नाआधी कळलाच पाहिजे, हा माझा हट्ट आहे. म्हणून मुहूर्ताच्या साधारण महिनाभर आधी मी मुलाला आणि मुलीला घरी बोलावते. आईवडिलांना नाही, फक्त त्या दोघांना. जुन्या पोथीत हे वचन एकट्या वराने द्यावयाचे असते. वधूला कोणी काही विचारीत नाही. मी ते दोघांकडून म्हणवून घेते. आणि म्हणवून घेण्यापूर्वी ह्या तीन शब्दांवर त्यांना बोलते करते.

अर्थ हा शब्द सर्वांत सोपा, म्हणून तेथून सुरुवात करते. तुझ्यावर कर्ज किती? तुझ्यावर किती? पगारातले आईवडिलांना किती द्यायचे आहेत? लग्नानंतर ते चालू राहणार का, दोघांच्याही बाबतीत? एका मुलाने ह्या प्रश्नावर बराच वेळ खाली पाहिले. वडिलांच्या आजारपणात काढलेले कर्ज आणखी सहा वर्षे फेडायचे होते, आणि लग्न ठरेपर्यंत बोलू नकोस म्हणून घरच्यांनीच त्याला बजावले होते. मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने एवढेच विचारले, "हप्ता किती?" त्यांचे लग्न मीच लावले. दुसऱ्या एका जोडप्याचे लग्न मात्र माझ्या घरातल्या त्याच टेबलाशी मोडले. मुलीच्या नोकरीच्या पैशावर आपला काही हक्क नाही असे मुलगा म्हणेना, आणि हक्क आहे असे स्पष्टही म्हणेना. मुलाची आई माझ्यावर फार रागावली. कार्यालयाची अनामत बुडाली म्हणे. बुडू दे. अनामतीत भागले हे त्या मुलीचे नशीब.

काम ह्या शब्दाला सभेत चुळबूळ होते, ती आत्ताही झाली. मी जोडप्यांना त्यावर व्याख्यान देत नाही. प्रकृतीची काही अडचण असेल तर लपवू नका, मुले केव्हा आणि हवीत का हे बोलून ठेवा, आणि डॉक्टरांना एकदा दोघेही भेटा, एवढेच सांगते. एकाच्या नकाराला दुसऱ्याने ओलांडून जायचे नाही, हा त्या वचनाचा सरळ अर्थ आहे, तो कोणाला समजावून सांगावा लागू नये.

आता धर्म. श्रद्धेवरचा विवाह म्हणजे काय, ते मला एका जोडप्याने शिकवले, म्हणून त्यांची गोष्ट जरा सविस्तर सांगते. मुलगी वारकरी घरातली. आजोबांपासून सगळे माळकरी. तिच्याही गळ्यात तुळशीची माळ. मुलगा कोकणातला, मासळीवाचून घास न उतरणारा. दोघांची गाठ कॉलेजात पडली. दोन्ही घरांनी विरोध असा केला नाही, पण मुलीच्या मावशीने एक तोडगा काढला. लग्नापुरती माळ काढून ठेव, पुढचे पुढे पाहता येईल. मुलाच्या घरूनही असाच निरोप आला की मुलगा लग्न होईपर्यंत मासे सोडील, मग हळूहळू तिला सवय होईल. दोन्ही घरे समंजस होती, दोघांनाही खोटे बोलायला सांगत होती.

मुलगी माझ्यासमोर त्याला म्हणाली, "माळ मी काढणार नाही. तुला चालणार असेल तर बोल." तो म्हणाला, "मासे मी सोडणार नाही. पण माळ काढ असे कधी म्हणणार नाही, आणि आईला म्हणू देणार नाही." मला ते दोन 'नाही' फार आवडले. मग आम्ही तिघे कागद घेऊन बसलो. मासळीची भांडी वेगळी, ती गॅलरीतल्या कप्प्यात. शिजवायचे ते त्याने, घासायचेही त्याने. एकादशीला आणि चातुर्मासात घरी नाही. तिने नाक मुरडायचे नाही, त्याने चव घेऊन पाहा म्हणायचे नाही. मुले झाली तर? इथे दोघे अडले. तासभर अडले. शेवटी ठरले की मुलांना दोन्ही पाहू द्यावे, आणि माळ घालायची की नाही ते त्यांनी मोठेपणी ठरवावे. लहानपणी कोणी कोणाच्या पानातले मुलाच्या तोंडात चोरून घालायचे नाही. कागदावर दोघांनी सह्या केल्या. त्या सहीला कायद्यात काही किंमत नाही, हे मी सांगून टाकले.

त्यांच्याकडे मी पुढे दोन-तीनदा गेले. भांडणे होतात, ती मी ऐकलीही आहेत. पण ज्येष्ठात ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी पुण्याहून सासवडला निघते, त्या दिवशी हा मासे खाणारा गडी बायकोची पिशवी खांद्याला लावून दिवेघाट चढतो. माळ त्याने घातलेली नाही. विठ्ठलावर तुझा विश्वास आहे का, असे मी त्याला एकदा विचारले. तो म्हणाला, "बाई, ते माहीत नाही. पण तिचा आहे, आणि मी तिला शब्द दिला आहे."

ह्यावरून श्रद्धेची माझी व्याख्या मी बदलली, असे म्हटले तरी चालेल. देवघर केवढे आहे, उपवास किती, ह्यावर ती ठरत नाही. भांडण झाले असता नवरा आणि बायको ज्याच्यापुढे सारखेच लहान होतात, असे काही त्या घरात आहे का, एवढे मी पाहते. कोणाच्या घरी तो विठ्ठल असतो, कोणाच्या घरी दिलेला शब्द. जेथे असे काही नसते तेथे मग ज्याचा आवाज मोठा तो देव होतो.

ज्यांचा विधींवर विश्वास नाही त्यांना मी स्पष्टच सांगते की विशेष विवाह कायदा १९५४ सालापासून आहे. नोटीस द्या, तीस दिवस थांबा, तीन साक्षीदार घेऊन जा, सही करा. तो विवाह कोणत्याही अंगाने कमी नाही. विश्वास नसताना केवळ आजीला बरे वाटावे म्हणून अग्नीसमोर बसणे, हे आजीला फसवणे आहे आणि अग्नीलाही. अर्थात असे सांगून मी माझेच गिऱ्हाईक घालवते, हे आमच्या घरी सारखे ऐकवले जाते!

पूर्वीच्या काळी लग्ने टिकत, आत्ताच काय झाले आहे, असे पुष्कळजणी म्हणतात. ह्यावर मी १८७३ साल काढते. त्या एका वर्षी पुण्याच्या ह्या आपल्या मुलखात दोन फार निराळे विवाह झाले. एक न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांचा. पहिली पत्नी त्याच वर्षी वारलेली. हे स्वतः एकतीस वर्षांचे, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. आणि वडिलांच्या शब्दापुढे मान तुकवून त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. लोकांनी त्यांना नावे ठेवली आणि ती ठेवण्यासारखीच गोष्ट होती. त्या मुलीला कोणी काही विचारले नव्हते. तिला अक्षरओळखही नव्हती. तयारी म्हणून काही असेल, तर ती सगळी लग्नानंतर झाली. रानड्यांनी तिला शिकवायला घेतले. घरातल्या बायकांनी त्या शिकण्यावरून तिला किती टोचले, ते रमाबाईंनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत लिहिले आहे. पहाटे उठून ते अभंग म्हणत, हेही त्याच आठवणींत आहे. १९०१ साली ते गेले. त्यानंतर रमाबाईंनी पुण्याचे सेवासदन उभे केले आणि १९२४ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरपर्यंत, त्या कामात राहिल्या. हा संसार थोर होता, ह्यात मला शंका नाही. पण त्याची सुरुवात मी कोणापुढे नमुना म्हणून ठेवणार नाही. नवरा रानड्यांसारखा निघाला म्हणून ते तरले. ज्या हजारो मुलींच्या वाट्याला असा नवरा आला नाही, त्यांच्या आठवणी कोणी छापल्या नाहीत, आणि 'पूर्वी लग्ने टिकत' ह्या हिशेबात त्याही धरलेल्या असतात.

दुसरा विवाह त्याच १८७३ सालच्या २५ डिसेंबरचा. तीनच महिन्यांपूर्वी जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला होता, आणि त्या समाजाच्या पद्धतीने, भटजीवाचून, हे पहिले लग्न पुण्यात लागले. पुढे १८८७ साली जोतीरावांनी ह्या विधींची छोटी पुस्तिका काढली. तिच्यातली मंगलाष्टके आपण सर्वांनी एकदा वाचावीत. तेथे वधू आणि वर एकमेकांशी बोलतात. वधू म्हणते, आम्हा बायकांना स्वातंत्र्य काय ते ठाऊक नाही, ते आम्हांला देईन अशी शपथ घे. आणि वर सगळ्यांसमोर शपथ घेतो. भटजीला बाजूला ठेवणाऱ्या जोतीरावांनी देवाला, ज्याला ते निर्मीक म्हणत, बाजूला ठेवले नाही. त्याच्याच साक्षीने त्यांनी वधूच्या तोंडी प्रश्न घातला. मी ज्या पोथीवर पोट भरते त्या पोथीतही असा प्रश्न असता, तर मला माझ्या पदरचे काही घालावे लागले नसते.

आता मैत्रिणींनो, थोडे आपल्याकडे वळते. मुलीची तयारी आपण पिढ्यान्पिढ्या करीत आलो. कुमारिका असताना हरितालिका. लग्नात आधी गौरीहर. मग पहिली पाच वर्षे श्रावणात मंगळागौर, ज्येष्ठात वटपौर्णिमा. शिवाय "सासरी असे वागून चालायचे नाही" हे पालुपद चौथ्या वर्षापासून. नवऱ्याची, त्याच्या आयुष्याची आणि त्याच्या घराची काळजी तिने कशी वाहावी, ह्याचे शिक्षण वर्षभर, सणासुदीसह चालू असते. आणि मुलाची तयारी? पंचांग उघडून बघा. बायकोसाठी करायचे एखादे व्रत त्याच्या नावावर सापडते का? शास्त्राने त्याच्यासाठी एक विधी ठेवला होता, समावर्तन, ज्याला आपण सोडमुंज म्हणतो. शिक्षण संपले, आता घर चालवायला लायक झालास, असे गुरूने सांगायचे. ती सोडमुंज आता मुंजीबरोबर, नाहीतर लग्नाच्या आदल्या दिवशी हॉलच्या कोपऱ्यात पंधरा मिनिटांत उरकतात, आणि काशीला निघालेल्या मुलाला मामा परत आणतो तेवढ्यापुरती सगळी हसतात. मुलाच्या वाट्याला खरी तंबी येते ती एकच, लाजाहोमाच्या वेळची कानपिळी. त्या मेहुण्याने पिळलेल्या कानावर पन्नास वर्षांचा संसार चालवायचा, आणि तेवढ्यासाठीही मेहुण्याला अंगठी द्यावी लागते!

म्हणून मुलांच्या आयांना माझे सांगणे आहे. आपल्या मुलाला कुकर लावता येतो का, आजारी माणसाच्या उशाशी रात्र काढता येते का, "माझे चुकले" हे शब्द त्याच्या तोंडून तुम्ही शेवटचे केव्हा ऐकले, हे सून पाहायला निघण्यापूर्वी पाहा. घरात देवाची पूजा कोण करते? बाई न्हाऊन-धुऊन करते आणि मुलगा प्रसादाला हजर होतो, असे असेल, तर श्रद्धाही आपण सुनेच्याच माहेराहून मागवणार आहोत काय?

आणखी एका विधीविषयी बोलते, कारण त्याचा उलटा अर्थ लावून आपल्या मुलींचे फार नुकसान झाले आहे. लग्नात वधूला सहाणेवर उजवे पाऊल ठेवायला सांगतात. अश्मारोहण म्हणतात त्याला. ह्या दगडासारखी स्थिर हो, असा त्याचा भाव. एवढे सर्वांना ठाऊक असते, आणि त्यावरून बायकांना सांगितले जाते की काहीही होवो, दगडासारखी सोशीक हो. पण मंत्र तेथे थांबत नाही. त्याच्या पुढच्या भागात वधूला सांगितले आहे की जे तुझ्यावर चालून येतील त्यांच्यापुढे उभी राहा, त्यांना पायाखाली घाल. भगिनींनो, दगड वधूच्या डोक्यावर ठेवलेला नाही, पायाखाली दिलेला आहे. ज्या घरात मारहाण होते, माहेरून पैसे आण म्हणून छळ होतो, तेथे चालून येणारा कोण, हे तिला कळले पाहिजे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ साली झाला. तो तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क देतो. हुंडा तर १९६१ पासून गुन्हा आहे. "टिकाऊ विवाह" म्हणून मी येथे बोलते आहे ते ऐकून कोणी आपल्या मुलीला "आता तेच तुझे घर, सोस" असे सांगणार असेल, तर तिने माझे भाषण ऐकले नाही असे समजावे. लग्नाआधीच्या तयारीत हेही येते की मुलीला सांगून ठेवावे, दार उघडे आहे. ज्या मुलीला परत येता येते, तीच मुलगी भांडूनही मनापासून राहते. असे माझ्या पाहण्यात आहे.

सप्तपदीची सात पावले सर्वांच्या परिचयाची आहेत. पहिले अन्नासाठी, दुसरे बळासाठी, तिसरे धनासाठी, चौथे सुखासाठी, पाचवे संततीसाठी, सहावे ऋतूंसाठी. सहाव्या पावलाशी मी नेहमी घुटमळते. ऋतू बदलतात, त्यांच्याबरोबर चालायचे, हे त्या जुन्या लोकांनी आधीच सांगून ठेवले आहे. नोकरी जाईल, केस पांढरे होतील, सासूबाईंना दिसेनासे होईल, हे सगळे ऋतूच. आणि सातवे पाऊल मैत्रीचे. धन तिसऱ्या पावलाला आणि मैत्री सातव्याला, हा क्रम मला मोठा मार्मिक वाटतो. कायद्यानेही ह्या पावलाला मान दिला आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमाप्रमाणे, जेथे सप्तपदीची रूढी आहे तेथे सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण होतो. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे दोन वैमानिकांचे प्रकरण आले होते. विधी झालेलेच नव्हते, नुसते प्रमाणपत्र आणि नोंदणी होती. विधींवाचून तो हिंदू विवाह झालाच नाही, असे न्यायालयाने ठरवले, आणि तरुण मुलामुलींना सांगितले की विवाह म्हणजे गाणे, नाच आणि खाणेपिणे नव्हे. त्यात पडण्यापूर्वी खोलवर विचार करा. आम्ही गुरुजी मंडळी हे सांगतो तेव्हा लोक घड्याळ पाहतात. न्यायालयाने सांगितले तेव्हा वर्तमानपत्रात आले.

ध्रुवाचे आणि अरुंधतीचे दर्शन हाही एक विधी आहे, आणि तो रात्रीचा आहे. आमचे मुहूर्त सकाळचे. मग आम्ही हॉलच्या छताकडे, तेथल्या कागदी फुलांकडे बोट दाखवतो, आणि जोडपे "पाहिला" म्हणते. मी आता सांगते की चैत्र-वैशाखातले लग्न असेल तर चार दिवसांनी गच्चीवर जा. संध्याकाळी सप्तर्षी वर आलेले असतात. वसिष्ठाला चिकटून बारीकशी अरुंधती आहे, ती पटकन दिसत नाही. थोडा वेळ गप्प उभे राहावे लागते. मार्गशीर्षात लग्न असेल तर मध्यरात्र उलटेपर्यंत जागे राहावे लागेल, एवढीच अडचण!

इतर धर्मांतही हे पूर्वतयारीचे शहाणपण आहे. मुसलमानांच्या निकाहात वधूची संमती विचारावी लागते आणि मेहेर आधी ठरवून निकाहनाम्यात लिहिली जाते. म्हणजे अर्थाची गोष्ट तेथे उघडपणे होते. वसईला माझी एक ख्रिस्ती मैत्रीण आहे. तिच्या मुलीचे लग्न ठरले तेव्हा तिने सांगितले की चर्चमध्ये लग्न लागण्यापूर्वी दोघांनी एक वर्ग पुरा करावा लागतो. धर्मगुरू बोलतात, डॉक्टर बोलतात, पुष्कळ वर्षे संसार केलेली जोडपी येऊन बोलतात. पैसा, मुले, सासर, प्रार्थना, सगळ्यांवर. दोघांना शेजारी बसवून, प्रश्न विचारून. शिवाय लग्न ठरल्याचे चर्चमध्ये सर्वांना आधी जाहीर करतात, कोणाला काही हरकत असल्यास ती तेव्हाच यावी म्हणून. मी तिला म्हटले, "तुमची कानपिळी आमच्यापेक्षा बरी."

तोच वर्ग आपण का करू नये? मी हे अध्यक्षबाईंपाशी बोलले आणि त्यांनी मान्यता दिली आहे. तुळशीचे लग्न झाले की मुहूर्त सुरू होतात. त्याआधीचे दोन रविवार दुपारी तीन ते सहा हे सभागृह आपल्याला मिळाले आहे. ज्यांच्या घरी लग्न ठरले आहे, त्यांनी मुलीला आणि तिच्या नियोजित वराला पाठवावे. जात, धर्म, पद्धत कोणतीही असो. नोंदणी पद्धतीने करणाऱ्यांनीही यावे. मंडळातल्या एक डॉक्टरीणबाई आणि एक वकीलबाई येणार आहेत. पोथी मी आणीन, तिचा मराठी अर्थ टंकून प्रती काढल्या आहेत, फी नाही, चहा मंडळाचा. नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत. पहिल्या यादीत आजपर्यंत अकरा नावे आली आहेत, आणि अकराही मुलींची आहेत. मुलांच्या आयांनी आज घरी जाऊन मुलांशी बोलावे. एकटी मुलगी आली तर मी तिला परत पाठवणार आहे, जोडीने ये म्हणून.